डावीकडचे दोन सूत

धाकट्या भावाने तिला फोन करून बोलावलं, तिथेच तो फसला. "ये की ताई, नवी गाडी बघायला. बाबाही येणारेत." मिरवायची हौस दांडगी, आणि ती बघायला सख्खी बहीण हवीच. सहा वर्षं मनात डूख धरून बसलेल्या बाईला असं आमंत्रण द्यायला खास अक्कल लागते.

तिला सगळे पत्रेवाली म्हणूनच ओळखत. हल्ली ती सामानाच्या टेम्पोंचे पोचे काढायची. त्याआधी वीस वर्षं बाबांच्या वर्कशॉपमध्ये जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची अंगं घडवायची. ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा, हातोडी, वाळूची पिशवी आणि मधोमध बाबांनी केलेला गाडीएवढा लाकडी साचा. ठोकलेला पत्रा साच्यावर बसवायचा, कुठे उचलतोय ते बघायचं, काढून पुन्हा ठोकायचा. एकेका मडगार्डला महिना जायचा.

साच्यात खोट होती. ज्या गाडीवरून तो उतरवला, तिला कधीतरी डावीकडून धडक बसली होती, आणि हे कळलं तेव्हा साचा पुरा झाला होता. वर्षाची मेहनत. बाबा मानी माणूस. त्यांनी लेकीला बाजूला घेतलं. "डाव्या मागच्या चाकावरच्या फुगवट्याला दोन सूत चढव. आणि हे आपल्या दोघांत." दोन सूत म्हणजे पाव इंच. तेवढं ती डोळे मिटून तळहाताने मोजायची. हात फिरवायचा, ठोकायचं, परत हात फिरवायचा. अशा आठ गाड्या बाहेर पडल्या, आठांवर बाबांच्या नावाची पितळी पट्टी. लोक म्हणायचे, काय साचा आहे! बाबा नुसते हसायचे.

मग बाबा थकले, आणि वर्कशॉप, साचा, नाव सगळं धाकट्याला दिलं. त्याने तोवर हातोडी फक्त फोटोपुरती धरलेली. "तुला काय, तुझ्या हातात कला आहे, कुठेही काम मिळेल," बाबा तिला म्हणाले. तिच्या अंगाची लाही लाही झाली. दोन सुतांचं बाबांनी धाकट्याला सांगितलं नाही. मुलापुढे चूक कबूल कोण करणार? आणि ती तर मुळीच सांगणार नव्हती.

गाडी देखणी होती, हे तिलाही नाकारता येईना. रूप जुनं, आत इंजिन नवं, गडद हिरवा रंग, हाताने शिवलेलं चामडं. तीन वर्षं वाट बघितलेला मालक आज ती न्यायला आला होता, दहा-बारा गाडीवेडे मित्र घेऊन. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते.

"बाबांच्या साच्यावरची नववी," धाकटा मालकाला सांगत होता. "एका सुताचा फरक दाखवा, मिशी उतरवतो."

"गाडी जरा त्या ट्यूबलाइटच्या रांगेखाली घ्या ना," पत्रेवाली गोड आवाजात मालकाला म्हणाली. "रंग खुलून दिसेल."

चौघांनी ढकलली. उजव्या अंगावर उजेडाची रेघ पुढून मागपर्यंत अखंड धावली. डावीकडे मागच्या चाकापाशी येऊन ती खाली बसली. आधी एकाला दिसलं, मग सगळ्यांना. मालक गुडघे टेकून कधी या बाजूने, कधी त्या बाजूने बघत राहिला. धाकट्याची बोबडी वळली. पत्रेवालीला काय गार वाटलं म्हणून सांगू! सहा वर्षांच्या टेम्पोंचं चीज झालं.

"साचा बाबांचा आहे," धाकटा कसाबसा म्हणाला. "मी साच्याबरहुकूम केलंय. विचारा त्यांनाच."

सगळे बाबांकडे वळले. आणि तेव्हा तिला कळलं, आपण नुसती धाकट्याची जिरवायला आलेलो नाही. तिला बाबांच्या तोंडून चार माणसांत ऐकायचं होतं की साच्यात खोट होती आणि आठ गाड्या माझ्या लेकीच्या हाताने सरळ झाल्या. एवढंच.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे.

"साच्यात काही नाही," ते म्हणाले. "त्याच साच्यावर आठ सरळ निघाल्या. पोराच्या हातात काम नाही, झालं."

धाकटा मटकन स्टुलावर बसला. मालकाने चावी टेबलावर ठेवून दिली. सूड पुरा झाला होता, तिने मागितला त्याहून जास्त. आणि बाबांनी तिची वीस वर्षं दुसऱ्यांदा दुसऱ्याला देऊन टाकली होती, या वेळी एका लाकडाच्या ठोकळ्याला. तिचा राग धाकट्यावरून उतरला तो सरळ खुर्चीकडे गेला.

"तुम्हाला कसं कळलं हो?" मालकाने तिला विचारलं.

"साचा मागच्या खोलीत आहे," ती म्हणाली. "चला सगळे. मोजूनच दाखवते."

"पोरी, राहू दे की," बाबा म्हणाले. "वयाचा तरी विचार कर माझ्या."

तिने फळीवरची टेप उचलली. "धाकट्या, ऊठ. दुसरं टोक तू धर."

धाकटा एकदा बाबांकडे, एकदा तिच्याकडे बघत उठला आणि तिच्या मागून निघाला. मालक आणि त्याचे मित्रही गेले. बाबांना खुर्चीतून उठायला कुणी हात दिला नाही.