साडेतेराबाई

“बाई, या पेशंटचं रक्त परत बघा,” भूल देणारे डॉक्टर फोनवर म्हणाले. “रिपोर्टवर हिमोग्लोबिन बारा लिहिलंय आणि हिचे डोळे पांढरेफटक आहेत.”

मी म्हटलं, डॉक्टर, डोळे तुम्ही बघा, रक्त आमचं मशीन बघतं. सकाळीच त्याची सर्व्हिसिंग झालीय, इंजिनियर अजून इथंच चहा पीत बसलाय. ते म्हणाले, असेल, तरी परत बघा, ऑपरेशन मी थांबवून ठेवलंय. आणि फोन ठेवूनही दिला. माझं डोकंच फिरलं. एवढी वर्षं या लॅबमध्ये काढली, आणि आता मला डोळ्यांवरून रक्त शिकवणार.

आमच्या मशीनला सगळे सासूबाई म्हणतात. खोलीतली मधली जागा तिची, एसी तिच्यासाठी, घाम आम्ही पुसायचा. नळी पुढे केली की तिची सुई खाली येते, थेंबभर रक्त ओढून घेते आणि मिनिटभरात त्या माणसाचं सगळं सांगून टाकते. लाल पेशी किती, पांढऱ्या किती, हिमोग्लोबिन किती. नळीत जरा कुठं गुठळी सापडली की कोकलायला लागते. पण खोटं बोलत नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला छातीठोकपणे सांगत आले होते.

मी त्या पेशंटची नळी परत लावली. पुन्हा बारा.

“बघ,” मी इंजिनियरला म्हटलं. तो म्हणाला, “बाई, सासूबाईला मी सकाळी तुमच्यावर लावलंय. ती चुकेल कशी?”

हे ‘तुमच्यावर लावणं’ सांगायला हवं. मशीन बरोबर सांगतंय की नाही हे तपासायला कंपनीकडून रक्ताच्या सीलबंद बाटल्या येतात. आतल्या रक्ताचा आकडा बाटलीवर छापलेला असतो. मशीननं तोच आकडा दाखवला की झालं. पण त्या बाटल्या महाग, फ्रीजमधून काढल्या की चार दिवसांत वाया जाणाऱ्या, आणि आमच्या हॉस्पिटलनं त्या मागवणं कधीचंच सोडून दिलं होतं. अडलं मात्र काहीच नाही, कारण माझा हात होता. माझं हिमोग्लोबिन नोकरीला लागले तेव्हापासून साडेतेरा. दोन बाळंतपणं झाली, टायफॉइड झाला, पाळी गेली, पण फिरून फिरून आपलं साडेतेरा. इंजिनियर आला की बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणायचा, “साडेतेराबाई, द्या हात.” मी हात द्यायचे. सासूबाईनं साडेतेरा दाखवलं की पास, नाही दाखवलं की तो स्क्रीनवर काहीतरी खालीवर करून तिला साडेतेरावर आणायचा. कंपनीच्या कायद्यात हे बसत नाही, पण कायदा काय रांगेतल्या पेशंटना उत्तर देणार आहे? आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता. कुणाला रूपाचा असतो, कुणाला माहेरचा असतो. मला हिमोग्लोबिनचा.

मागच्या काही खेपांना सासूबाई माझा आकडा कमी दाखवत होती. इंजिनियर म्हणायचा, म्हातारी घसरायला लागली, आणि तिला जरा वर ओढायचा. आज सकाळीही ओढलं होतं. त्यावर आम्ही दोघं हसलोही होतो.

आकडा तोच आला हे फोनवर सांगता आलं असतं. पण मला त्या डॉक्टरांना तोंडावर सांगायचं होतं, म्हणून मी जिना उतरून खाली ऑपरेशन थिएटरपाशी गेले. ती बाई बाहेर चाकाच्या खुर्चीत बसली होती. गर्भाशयाची पिशवी काढायची होती. अंगावर हॉस्पिटलचा हिरवा झगा, हातात घट्ट धरलेली चप्पल. ती चप्पल कुणाकडे द्यायची, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, असू दे, आधी वर बघा. आणि तिची खालची पापणी बोटानं ओढली.



तो रंग माझ्या ओळखीचा होता. माझी थोरली ताई असाच रंग घेऊन गेली. आधी जिन्यात दम लागायचा, मग बसल्या जागी लागायला लागला, मग अंथरूण. पोटात गाठ होती, आतल्या आत रक्त जात होतं, आणि आम्ही सगळे तिला म्हणत होतो, अगं, वय झालं, आराम कर. शेवटी शेवटी तिचे ओठ आणि गाल एकाच रंगाचे झाले होते. या बाईचं हिमोग्लोबिन बारा असणं शक्य नव्हतं. आठ असतं तरी नशीब.

मी डॉक्टरांना न भेटताच परत फिरले. एकच मजला चढायचा, पण मध्ये मला कठडा धरून थांबावं लागलं. आणि तिथं उभी असताना डोक्यात ते आलं. अगदी साधा हिशोब होता, कसा सुचला नाही इतके दिवस, देव जाणे. सासूबाई जास्त सांगत असेल तर ती कुणामुळे? तिला लावलंय माझ्यावर. ती घसरली म्हणून आम्ही तिला वर ओढत होतो. घसरली तीच होती कशावरून?

मी घाबरले. जिन्यात लागणारा दम, संध्याकाळी डोळ्यांपुढे येणारी अंधारी, भाकरी-भाजी समोर आली तरी न लागणारी भूक. गुडघ्याच्या गोळ्यांमुळे असेल, उन्हानं असेल, असं मी म्हणत आले होते. घरी हेही म्हणायचे, तुझं काय, तू साडेतेरावाली. आणि आता तिथं कठड्याला धरून मला एकच वाटत होतं, की हे कुणाला कळू नये. मलाही कळू नये.

वाट होती तशी. त्या बाईच्या नळीत गुठळी झाली, ऑपरेशन उद्यावर टाका, एवढं मी फोनवर सांगितलं असतं तर कुणी खोदून विचारलं नसतं. मशीन मागाहून गुपचूप नीट करून घेतलं असतं, ती वाचली असती आणि माझी मूठ झाकलेली राहिली असती. मी वर पोचले तेव्हा हे बोलायचं असं जवळजवळ ठरवलंच होतं. पण लॅबच्या बाहेरच्या बाकावर माणसं बसली होती. एक म्हातारा हातात रिपोर्ट घेऊन शेजारणीला सांगत होता, माझं रक्त बघा, पोरापेक्षा चांगलं निघालं. शेजारीण त्याचं कौतुक करत होती. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

आत जाऊन मी कपाटातून मोरचुदाच्या पाण्याची बाटली काढली. रक्तदानाच्या शिबिराला आम्ही अजून तीच नेतो. निळंशार पाणी ग्लासात ओतायचं आणि वरून बोटातल्या रक्ताचा एक थेंब सोडायचा. रक्तात दम असला की थेंब तळाला जाऊन बसतो. नसला की थोडा खाली जाऊन परत वर येतो. ना वीज, ना सुई, ना इंजिनियर. मशीन यायच्या आधी मी निम्मी नोकरी या पाण्यावर केली.

आधी त्या बाईच्या नळीतला थेंब सोडला. तो पाण्यात शिरला न शिरला तोच वर आला आणि तरंगत राहिला.

इंजिनियर कप ठेवून जवळ आला. म्हणाला, पाणी जुनं असेल, उडून दाट झालं असेल, त्यात कुणाचाही थेंब तरंगेल. त्याचं म्हणणं बरोबर होतं, तसं होतं कधीकधी. माझ्या जिवात जीव आला. मी म्हटलं, मग तुझा सोडून बघू. त्यानं बोट पुढे केलं, मी टोचलं. त्याचा थेंब निळ्या पाण्यातून सरळ खाली गेला आणि तळाशी जाऊन बसला.

पाणी चांगलं होतं.

“मग ही बाई कमी आणि सासूबाई चुकली,” तो डोकं खाजवत म्हणाला. “पण असं होईल कसं? तुमच्यावर लावलीय.” आणि मग, अगदी सहज, नेहमीच्या हसऱ्या आवाजात तो म्हणाला, “तुमचा टाका बाई. तुमचा काय, दगडासारखा जाणार.”

मी टोचणी हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. हजारो बोटं टोचली असतील या हातांनी. लहान पोरं रडायची तेव्हा मी म्हणायचे, मुंगी चावते एवढंच, त्यात काय घाबरायचं. माझ्याच बोटाला टोचणी लावायला माझा हात वळेना.

“बाई?” तो म्हणाला.

मी टोचलं. थेंब ग्लासाच्या तोंडाशी लोंबला आणि सुटला. खाली गेला. अर्ध्यापर्यंत गेला, आणखी थोडा गेला, आणि मी मनात म्हणत होते, जा रे बाबा, जा. तिथं तो थांबला. जरा वेळ तिथंच राहिला. मग हळूहळू वर यायला लागला, आणि वर येऊन त्या बाईच्या थेंबाशेजारी थांबला.

इंजिनियर ग्लासाकडे बघत राहिला. मग सासूबाईकडे. मग माझ्याकडे, आणि त्याला समजलं.

“मी तिला वर ओढत होतो,” तो म्हणाला.

“हात मी देत होते,” मी म्हटलं.

आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडम शेजारच्या खोलीत स्लाइड बघत होत्या. मी जाऊन सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आधी खाली फोन करून ऑपरेशन रद्द करायला लावलं, त्या बाईला रक्त चढवायला सांगितलं, मग बाहेर जाऊन बाकावरच्या माणसांना शांतपणे म्हणाल्या, रिपोर्ट परत द्या, आज पुन्हा तपासायचंय. मागच्या महिन्यांतल्या सगळ्यांनाही बोलवायला हवं, असं त्या मला म्हणाल्या. मी मान हलवली. त्यानंतर त्यांनी दार लावून घेतलं आणि मला विचारलं, दम कधीपासून लागतो? वजन उतरलंय का? शौचाला काळं होतं का? मी खरं खरं सांगितलं. काळं होतं, ताईला व्हायचं तसं. त्या पेन टेबलावर नुसतं फिरवत राहिल्या, आणि त्या फिरणाऱ्या पेनाचीच मला जास्त भीती वाटली. ताईच्या डॉक्टरांनीही असंच पेन फिरवलं होतं.

इंजिनियर बाहेर येरझाऱ्या घालत होता. सासूबाई परत लावल्याशिवाय काम सुरू होणार नव्हतं आणि रांग तर वाढत होती. मी आत आले तशी त्यानं शर्टाची बाही वर केली. म्हणाला, बाई, माझा घ्या, माझा तर बुडाला. पोरगा मनानं चांगला. मी म्हटलं, नको. आता कुणाचाच हात नको. मोठ्या हॉस्पिटलात सीलबंद बाटली असेल, ती घेऊन ये. तो हेल्मेट घेऊन पळाला.

तेवढ्यात मी घरी फोन केला. हे म्हणाले, काय गं, या वेळेला? मी म्हटलं, आज उशीर होईल. ते म्हणाले, सासूबाई रुसली वाटतं? मी म्हटलं, हो. ते हसले. म्हणाले, तिला सांग, आमच्या बाईला लवकर सोड, घरात पान हलत नाही तिच्यावाचून. मला सांगायचं होतं, पण मी म्हटलं, तुम्ही जेवून घ्या. बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

बाटली आली. बाटलीवर छापलेला आकडा आणि सासूबाईनं दाखवलेला आकडा यांत चांगलंच अंतर होतं. इंजिनियरनं तिला खाली आणलं, पुन्हा बाटली लावली, पुन्हा खाली आणलं. शेवटी दोन्ही आकडे जुळले. त्यानं माझ्याकडे न बघता, झालं, एवढंच म्हटलं. एरवी तो टाळी मागायचा.

मॅडमनी माझं रक्त काढलं. मी शिरेवर बोट ठेवून दाखवायला गेले तर म्हणाल्या, सापडते मला, तुम्ही गप्प बसा. नळी त्यांनी माझ्याच हातात दिली. इतकी वर्षं माझी नळी सगळ्यांच्या आधी लागायची आणि तिच्यावर चिठ्ठी नसायची. माझं रक्त कुणाचं म्हणून नव्हतंच, ते माप होतं. आज मी चिठ्ठी घेतली, तिच्यावर नाव लिहिलं, वय लिहिलं, स्त्री म्हणून लिहिलं आणि ती नळीला चिकटवली. स्टँडमध्ये पहिली जागा रिकामी होती, इंजिनियरनं स्टँड माझ्यापुढे सरकवला. मी नळी शेवटी लावली, त्या म्हाताऱ्याच्या मागे.

मग मी बाहेर गेले, कारण पेशंटनं आत थांबायचं नाही हा नियम मीच केला होता. बाक भरलेला होता. पिशवीवाली बाई, रक्त चढवायच्या आधी पुन्हा तपासणी करायला, खालून वर आली होती, झग्यावर शाल घेऊन बसली होती, चप्पल अजून हातातच. तिनं माझ्या अंगातल्या पांढऱ्या कोटाकडे बघितलं, मग माझ्या दंडावरच्या कापसाकडे. चप्पल मांडीवर घेतली आणि थोडं सरकून मला जागा करून दिली.