विहिरीवरची पाटी

नंदनवनाकडच्या त्या वस्तीत तेव्हा नळ आले नव्हते. विहिरीचं पाणी प्यायचं की नाही, ते कवडू पेंटर भिंतीवर रंगवून ठेवी. बाकी कोणाला ते बदलता येत नसे. मागच्या उन्हाळ्यात पाण्यात रोग निघाला, तेव्हा कवडू भिवापूरला लग्नाला गेलेला. भिंतीवर 'पिण्यास योग्य' तसंच राहिलं. त्यात रुपरावची बायको अंजनाबाई गेली.

मग रुपरावने टिनाची पाटी केली. एक बाजू लाल, दुसरी पांढरी. लाल दिसली की प्यायचं नाही. पाणी तपासणारा येऊन सांगे, आणि विहिरीशेजारची इंदूबाई पाटी उलटवून खिळ्याला लावी. तिला अक्षर येत नव्हतं, पण ती कधी चुकली नाही.

बुद्धपौर्णिमेच्या तोंडावर पाणी पुन्हा बिघडलं. इंदूबाईने लाल बाजू लावली. पौर्णिमेच्या सकाळी रुपराव विहारातून परतला, तर पाटी पांढरी. बायका भराभर घागरी भरत होत्या.

"इंदूबाई, तपासणारा आला होता काय?"

"नाही गा भाऊ. मी तं विहारात होती."

"मंग पाटी कोणं फिरवली?"

कांताबाई वस्तीत नवीनच आलेली. ती हसत पुढे झाली. "म्या. आज सारे पांढरे कपडे घालून आले, अन् हे लालभडक काहून? हात लावला की फिरते, बरी सोपी केली तुम्ही."

रुपरावने जवळची घागर पालथी केली.

"सांडा वं! सारं सांडा!" ओरडत तो घराकडे धावला. मुलगा बल्लारपूरला कामावर, घरी सून उत्तरा एकटी. तिला सातवा महिना होता.

ती चुलीपाशी बसली होती. हातात रिकामा गिलास.

"प्याली काय तू?"

"हो मामाजी. पाटी पांढरी हाय ना. काहून?"

त्याने सांगितलं. तिचा हात पोटावर गेला. "अंजना आत्याबाईसारखं होईन का मले?"



रिक्षा करून तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही दिसत नाही, लक्ष ठेवा, पाणी उकळून द्या. घरी येऊन तो उंबऱ्यात बसला. ती उठली की तोही उठे.

कांताबाई दारात येऊन रडायला लागली. "मले मारा, भाऊ."

"मारून काय होते? चूल पेटव, पाणी उकळ."

मागोमाग इंदूबाई आली. "ते पाटी तोडूनच टाकतो मी!"

"तोडू नोको. लाल लाव, अन् आज तिथंच बस."

दिवस कलला. उत्तराने एकदम कूस धरली. रुपराव ताडकन उठला.

"दुखून राहिलं?"

"नाही. लाथ मारून राहिला तो."

"लाथच ना?"

"लाथच, मामाजी. बसा तुम्ही."

तो बसला. जरा वेळाने पुन्हा उठून तिच्याजवळ आला.

"पोरी, लाथच होती ना?"