हेडिंगवरचा डबल क्लिक

माउसच्या डाव्या बटणावरचा काळा रंग बोटाने घासून घासून मधोमध पांढुरका पडला होता आणि चैत्रालीची नजर त्या डागावरून हलत नव्हती. तिथेच लॅबमध्ये आकडे भरणाऱ्या करिष्माने बोट ठेवलं, पडद्यावरच्या तक्त्यात 'वेळ' लिहिलेल्या हेडिंगवर दोनदा झटपट दाबलं, आणि तक्त्याचा क्रम बदलता बदलता मध्येच एका पेशंटची खिडकी उघडली... कोणी न बोलावता.

"बघितलं मॅडम? अपने आप. सकाळी एका जेन्ट्सच्या नावावर मी लेडीजचे आकडे भरणारच होते. वरचं नाव दिसलं म्हणून वाचले."

चैत्रालीने मान हलवली. करिष्माचा फोन आल्यावर चिखलोलीच्या घरून कॅम्प पाच भागातल्या या पॅथॉलॉजी लॅबपर्यंत येताना रिक्षातच तिला दोष उमगला होता. ओळीवर डबल क्लिक झाला की त्या पेशंटची खिडकी उघडायची, एवढंच तिने लिहिलं होतं. पण हेडिंगवरचा डबल क्लिकही तिथेच येऊन पोचतो, हेडिंग ही खरी ओळ नसल्याने तिचा नंबर उणे एक धरला जातो, आणि उणे एक दिसलं की काहीही न करता परत फिरायचं असतं — हे तिच्याकडून राहून गेलं होतं. तिचा प्रोग्रॅम परत न फिरता आधीपासून निवडलेली ओळ उघडत होता. म्हणजे वरच्या ओळीतला माणूस समजून भलत्याच माणसाचं रक्त... एरवी हेडिंगला हात लावायचं कोणाला कारणच नव्हतं. त्यावर दाबून क्रम लावायची सोय तिने करिष्माच्या सांगण्यावरून मागच्या सोमवारी घातली होती. मागच्या सोमवारी. आणि बाबा बुधवारी येऊन गेले.

तिने कीबोर्ड ओढला. दुरुस्ती एका ओळीची. बोटं लिहीत होती आणि बुधवारची ती सकाळ बोटांच्या मधून वर येत होती — विष्णुपंत, जन्मभर अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी राहिलेले, रक्त द्यायला इस्त्रीचा शर्ट घालून आलेले, बाकावरच्या प्रत्येकाला 'हे सॉफ्टवेअर माझ्या मुलीचं' असं सांगत बसलेले. पाय सुजलेले, बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहायचा. डॉक्टरांना मूत्रपिंडाची शंका होती. आणि रिपोर्ट आला तो एखाद्या पोरसवदा माणसाचा वाटावा इतका स्वच्छ. डॉक्टरांनी कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला, मिठामुळे असेल सूज म्हणाले. त्या दुपारी बाबांनी लोणचं मागितलं... आणि आई नको नको म्हणत असताना बरणी मीच काढून दिली. मीच.

"बुधवारी बाबांच्या आगेमागे कोण होतं गं?" तिने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

करिष्माला आठवायला वेळ लागला नाही. जांभूळ गावच्या ठमाबाई. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची साधी तपासणी, पण आकडे किडनीचे खराब निघाले. इथेच बाकावर बसून रडल्या. मुलगा कैलास अजून फोन करतो, आई दोन घास खाऊन उठते म्हणतो. बाईने भाताची रोपं लावली आहेत सालोसाल, कधी डोकं दुखलं नाही.

मशीनमध्ये जुने आकडे राहत नव्हते आणि नमुने केव्हाच टाकून दिले होते. तिने आल्या आल्या करिष्माला तेच विचारलं होतं. आता दोन माणसं आणि दोन रिपोर्ट, आणि कोणता कोणाचा हे तिच्या त्या एका राहून गेलेल्या ओळीमुळे कोणालाच सांगता येत नव्हतं... तो ठमाबाईचाच असू दे. हे वाक्य इतकं स्पष्ट उमटलं की ते करिष्मानेही ऐकलं असावं असं तिला वाटलं. तो खराब रिपोर्ट त्या बाईचाच असू दे, जिचा चेहराही आपण पाहिलेला नाही. तिने वाक्य बाजूला सारायचा प्रयत्न केला, पण ते हटेना. उलट कारणं देऊ लागलं — बाईचं वय झालंय, कोणालाही काहीही होऊ शकतं, आणि बाबांचा रंग या आठवड्यात किती सुधारलाय...

"लॅबच्या सरांना मी सांगते," ती म्हणाली. "तू मागच्या सोमवारपासूनच्या सगळ्यांना बोलावून घे. पहिला फोन कैलासला कर. चूक असू शकते, एवढंच सांग. नक्की म्हणू नकोस."

करिष्माने स्पीकरवर फोन लावला. कैलासने ऐकून घेतलं, मग पलीकडे फोन हातातून हातात गेला.

"म्हंजे मना काय नाय झाला?" ठमाबाईंचा म्हातारा, सावध आवाज.

"तसं नाही मावशी, परत बघायचंय. उद्या या."

"येतंय." मग कोणालातरी सांगितल्यासारखं, "मंग आज जेवतंय मी."

चैत्राली उठून बाहेर आली. समोरच्या दुकानातला माणूस जीन्सचे गठ्ठे टेम्पोत फेकत होता. तिने बाबांना फोन लावला. उद्या उपाशीपोटी परत रक्त द्यायचंय, माझ्याकडून चूक झालीय, हे तिने एका दमात सांगून टाकलं, कारण मध्ये थांबली असती तर तिने दुसरंच काही सांगितलं असतं.

बाबा चिडले नाहीत. त्यांनी काय चूक तेही विचारलं नाही.

"येतो," ते म्हणाले, आणि आवाज खाली आणून, "आईला इतक्यात नको बोलूस. मोजे मी तिच्यासमोर काढत नाही हल्ली."

म्हणजे सूज उतरलीच नव्हती, आणि त्यांना ते... आठवडाभर, लोणच्याची फोड चाटून खाताना, रोज फिरून आल्यावर, खोलीचं दार लावून. त्यांचा त्या कागदावर विश्वास कधी बसलाच नव्हता, आणि लेकीचं सॉफ्टवेअर म्हणून ते बोलले नव्हते? ती फोन कानाला धरून उभी राहिली, पलीकडून तो बंद झाल्यावरही. उद्या सकाळी त्याच बाकावर ते दोघं शेजारी शेजारी बसतील, आणि बाबा ठमाबाईंना नक्की विचारतील, कुठून आलात. खराब रिपोर्ट ठमाबाईंचाच असू दे, हे मघाचं मागणं तिने मनात चाचपून पाहिलं. ते तिथे होतं, पण त्याला आता 'आज जेवतंय मी' म्हणणारा आवाज होता, आणि तो ऐकू येत असताना तिला ते पुरतं मागताही येईना आणि पुरतं सोडवेनाही.