किरणबाबांची नळी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडदे ओढून भर दुपारी काळोख केलेला, आणि मंचावरच्या टेबलाशी उभ्या किरणबाबांच्या हातात ट्यूबलाइटची सुटी नळी. ना तार, ना बटण. तरी नळी निळसर पेटली आणि चारशे तोंडं एकदम उघडली.

पृथ्वीभोवती भारित कणांचे पट्टे आहेत, असं बाबांनी सांगितलं. एवढं खरं होतं. पुढे मात्र त्यांची जीभ मोकाट सुटली: पट्टे गळतात, कण मेंदूत शिरतात, म्हणून फेफरं येतं; बाबा ते नळीत ओढून घेतात. गोळ्या घेतल्या की म्हणे कण आतच कोंडतात.

पहिल्या रांगेतल्या ताईचा जीव टांगणीला लागला होता. शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीने बाबांचं ऐकून चार दिवस फेफऱ्याच्या गोळ्या सोडल्या होत्या, आणि सकाळी तिच्या हाताला दोनदा झटका आला होता. ताई उपग्रहांचे संदेश टिपणाऱ्या केंद्रात तंत्रज्ञ. हेच कण मोजण्यात तिची अकरा वर्षं गेली. पण घरच्या माणसाचं ऐकतो कोण? धाकटी म्हणायची, "तुझे कण कागदावर, ताई. बाबांचे डोळ्यांना दिसतात."

नळी धरायला कोणी यावं, असं बाबांनी म्हणताच धाकटी गेली. तिच्याही हातात नळी पेटली. मागोमाग ताई खुर्ची घेऊन मंचावर.

"कण वरून येतात ना, बाबा?"

"थेट आकाशातून, माई."

"मग ही खुर्चीवर चढली तर नळी जास्त पेटेल."

खुर्चीने कण बिथरतात, असं काहीसं बाबा पुटपुटले. ताईने धाकटीला कमरेशी घट्ट धरून वर चढवलं. नळी उंच जाईल तशी मंदावली, डोक्यावर गेली आणि विझली. खाली आणली, पेटली. धाकटीने तीनदा करून पाहिलं. मग उतरून तिनेच टेबलाचं मखमली कापड वर केलं. खाली उच्च दाबाच्या विजेचं वेटोळं गुणगुणत होतं. त्याच्याजवळ भंगारातली नळीही तारेवाचून पेटते.

ते कणांच्या स्वागताला ठेवलंय, असा खुलासा बाबांनी केला.

ताईने लोकांना समजावलं. हे कण पृथ्वीच्या चुंबकत्वात अडकून उत्तर-दक्षिण झोके घेतात, पाळण्यातल्या लेकरासारखे. तिथल्या विद्युतचुंबकीय लहरींचा धक्का लागला की काहींचा झोका खोल जातो. ते उंचावरच्या विरळ हवेवर आदळतात आणि तिथेच संपतात, जमिनीपासून कित्येक किलोमीटर वर. "कोणाच्या मेंदूपर्यंत यायला त्यांना सवडच नसते," ती म्हणाली.

धाकटी ताईकडे वळली. "ताई, डॉक्टरांना फोन लाव. चार दिवस चुकले, आता गोळ्या कशा सुरू करायच्या ते विचार."

तुम्हा-आम्हालाही तिने वाट दाखवली. चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी टेबलाखाली वाकून बघावं. नमस्कार काय, नंतरही करता येतो.