टोपलीतले नऊ दिवस

जाळीच्या तारेला एक पीस अडकलं होतं. करड्यावर पिवळसर रेघ असलेलं, नखाएवढं… आणि त्याच्या देठाशी ओलं, तांबडं काहीतरी. कातडी असावी, असं मनात येईपर्यंत ते निशाच्या बोटाला चिकटलंही होतं. पंधरा मिनिटांपूर्वी सगळं ठीक होतं. पंधरा मिनिटांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने त्या बटेर मादीला पिंजऱ्यात परत सोडलं होतं, नऊ दिवस टोपलीत वेगळं ठेवून, हळद-खोबरेल लावून, डोक्यावर नवी लव आलेली बघून. आणि चहा ठेवायला आत गेली होती — एखादं काम नीट पार पडल्यावर माणूस जातं तशी.

मादी आता पाण्याच्या भांड्यामागे डोकं खुपसून बसली होती. डोकं म्हणजे पुन्हा तीच जखम, आधीपेक्षा मोठी. तांबड्या छातीचा नर टोचत होता, ते समजू शकतं, तो पहिल्यापासून तसाच. पण माद्याही टोचत होत्या. जिच्या पंखाला पंख लावून झोपायच्या तिलाच. टोचायचं, बाजूला जाऊन दाणा टिपायचा, पुन्हा येऊन टोचायचं… रागाने नव्हे. रागाने असतं तर बघवलं असतं.

निशाने हात घालून तिला बाहेर काढलं, टोपलीत ठेवलं, वर फडकं टाकलं.

"आणखी मारलं का वं तिले?" कुंपणापलीकडे सोमारी धान वाळत घालत होती. आईची मैत्रीण, आईला जाऊन एकोणीस दिवस झाले तरी रोज सकाळी या बाजूला बघितल्याशिवाय तिला राहवत नसे.

"हो. परत टाकली तर जास्तच."

"मंग तिले काहाडलीच काऊन? बायनाबाई त्या फौजदाराले काहाडे." बायनाबाई म्हणजे आई; फौजदार हे नाव त्या नराला तिनेच ठेवलं होतं. "पाखरू चार रोज दिसलं नाई का परकं होते, बाई. एवढी शिकली तू, अन् तुले येवढं नाई समजलं?" सोमारी हसली, मग एकदम हसायची थांबली आणि उगाच धान पसरू लागली.

समजलं होतं. तेच तर… निशाला हे माहीत होतं. गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुटीत ती सिंदेवाहीला आली होती, तेव्हा घरापुढच्या याच सपरीत, याच पिंजऱ्यापुढे उकिडवी बसून आई म्हणाली होती, "टोचलेलीले काहाडलं का तिची जागा जाते, निशा. टोचणाऱ्याले काहाडाचं. चार रोज एकटा राह्यला का थोच परका होते, मंग गप बसते." आई पाखरांकडे बघत बोलत होती. निशाला ते वाक्य फार आवडलं होतं. चंद्रपूरला परतल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयात, चहाच्या वेळी, तिने ते दोघातिघांना ऐकवलंही होतं. आमची आई बघा, सातवी शिकलेली. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

त्याच्या आदल्या वर्षी मीच आईला इथून चंद्रपूरला घेऊन गेले होते, निशाच्या मनात आलं. फोनवर अश्वजितचा आवाज ऐकू आला होता, "म्हातारे, तुले एकदा सांगितलं तं समजत नाई का" — आणि मागून ताटली आपटल्याचा. दुसऱ्याच दिवशी गाडी करून मी आले. भावाशी बोललेसुद्धा नाही. बोलायला हवं होतं ते त्याच्याशी, आणि मी आईची पिशवी भरत होते… किती सोपं होतं ते, पिशवी भरणं. आई दाराशी उभी राहून म्हणाली होती, "मी काऊन जाऊ?" आणि मला वाटलं होतं, संकोच करते आहे.

सात महिने ती चंद्रपूरच्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसली. परत आली तेव्हा तिची खाट सपरीत आली होती. चुलीजवळचे डबे दुसऱ्या क्रमाने लागले होते. वहिनी विचारायची, "चहा घेता का?" — वाईट काहीच नाही, पाहुण्याला विचारतात तसं. नातवंडंसुद्धा दारातूनच बोलायची. कुणी तिला ओरडत नव्हतं आता. ओरडण्याइतकी ती कुणाची राहिली नव्हती. मग तिने आठवडी बाजारातून ही पिल्लं आणली.

दुपारी अश्वजित धानाच्या गिरणीतून जेवायला आला. भुवयांवर कोंडा. टोपलीवरचं फडकं उचलून त्याने बघितलं.

"ताई, हे आता वाचत नाई. देऊन टाक सोमारीबाईले, भाजी होईल."

"तुझी काही हरकत नाही ना इथे राहिली तर?"

त्याने फडकं खाली सोडून तिच्याकडे बघितलं. पाखराबद्दलच बोलते आहे का, असं त्याला वाटलं असावं. निशालाही नक्की माहीत नव्हतं.

"तू चंद्रपूरले कधी जाऊन राह्यली?" त्याने विचारलं. मऊ आवाजात. बस किती वाजता आहे, हे सांगायची तयारी असलेल्या आवाजात.

"बघते," ती म्हणाली.

तो आत गेला. ताट वाढल्याचा आवाज, वहिनीचं हळू काहीतरी बोलणं. निशाने पिंजऱ्याचं दार उघडलं आणि फौजदाराला धरलं. आता. निदान आता तरी बरोबर त्यालाच. तिने मनात किती मोठा करून ठेवला होता तो… आणि तळव्यात आला तेव्हा मूठभर होता, मादीपेक्षा हलकाच, आणि त्याचं काळीज तिच्या बोटांवर तसंच धडधडत होतं, अगदी तसंच, नऊ दिवस रोज हळद लावताना त्या मादीचं धडधडायचं तसं.

आतून अश्वजितने पाणी मागितलं, आणि सवयीने, चुकून, "आई" म्हणाला. मग तांब्या ठेवल्याचा आवाज आला.

दुसरी टोपली पायाशी उघडी होती. त्यात ठेवायचं, एवढंच उरलं होतं. पण निशाची मूठ थोडी आवळली गेली होती, नर चोच वासून गप्प झाला होता; ती सैल करायला हवी हे तिला कळत होतं… आणि अजून जरा वेळ ते नुसतं कळत राहावं, असं तिला वाटत होतं.