चौथा बिछाना

"चौथं माणूस कुठाय?" कप्तानानं विचारलं. एक पाय धक्क्यावर, एक बोटीत, असा तो हातातल्या कागदाशी माणसं ताडून बघत होता. "चार बिछाने घातलेत मी. कागदावर आजी लिहिलंय."

"आजीचं ब्लडप्रेशर वाढलंय," बिट्टीनं सांगून टाकलं. वय वर्षं नऊ. घरातली कुठलीच बातमी हिच्या पोटात राहत नसे. "एकशे सत्तर. आईनं मोजलं. आई नर्स आहे."

"मग बरोबर आहे," म्हणत कप्तानानं पेन्सिलीनं आजीवर काट मारली.

ती काट बिट्टीच्या आईनं, सिस्टरनं, पाहिली आणि नजर पाण्याकडे वळवली. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. त्यामुळे नवऱ्याची पंचाईत व्हायची आणि तो बिचारा 'अगं'वर भागवायचा. गल्लीत कुणाला ताप आला की आधी सिस्टर, मग डॉक्टर. घरात तर तिचा शब्द शेवटचा. आणि तोच शब्द वापरून तिनं निघण्याच्या चार दिवस आधी सासूबाईंच्या दंडाला पट्टा बांधला होता, काटा एकशे चोवीसवर पाहिला होता आणि सरळ सांगितलं होतं, "एकशे सत्तर आहे, आई. बोटीत नाही नेता येणार तुम्हाला."

सासूबाईंनी जराही हुज्जत घातली नव्हती. "तू म्हणतेस तर नको," एवढंच म्हणून त्यांनी भरलेल्या पिशवीतले आपले कपडे काढून पुन्हा कपाटात ठेवले होते.

खरं कारण सांगायला लाज वाटावी इतकं साधं होतं. वॉर्डात बारा म्हातारी माणसं, त्यांचं उठवणं, बसवणं, पुसणं. घरी आलं की सासूबाई. त्यांचा जाच म्हणावा असा काही नव्हता. पण चष्मा सापडत नाही, गोळी घेतली की राहिली आठवत नाही, हे चालूच. सिस्टरला आठ दिवस कुणाचंही करायचं नव्हतं. आठ दिवस कुणी हाक मारायला नको होती.

त्यातून बेटं बघायच्या या आठ दिवसांच्या सहलीचा सगळा घाट नवऱ्यानं घातला होता तो आईसाठीच. सासूबाईंचं लहानपण शिडाच्या मालवाहू बोटीवर गेलेलं. वडील सुकाणूवर असत. लग्न होऊन त्या समुद्रापासून लांब आल्या त्या आल्याच. पन्नास वर्षांत त्यांनी बोटीत पाय ठेवला नव्हता.

बेटं मात्र पाहत राहावीत अशी होती. पाणी इतकं नितळ की बोटीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसायची. सकाळी शीड चढायचं, दुपारी कुठल्यातरी बेटाच्या आडोशाला नांगर पडायचा, बिट्टी आणि तिचा बाप पाण्यात डुंबायचे. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, त्यामुळे प्रत्येक खडकावर फुकटचं व्याख्यान व्हायचं. सिस्टर खाली बिछान्यावर आडवी पडायची. समोर चौथा बिछाना. त्याच्यावर पिशव्या, ओले टॉवेल, बिट्टीचे शंख. हवी ती शांतता मिळाली होती आणि ती तिला सोसवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बिट्टीनं छोट्या होडीचा दोर मागच्या कठड्याला बांधला. कप्तानानं येऊन गाठ ओढून पाहिली, मग परत ओढून पाहिली.

"ही कुणी शिकवली तुला?"

"आजीनं. खुर्चीच्या पायाला बांधून. कितीही ताण पडला तरी ती अडकत नाही आणि सोडायला गेलं की पटकन सुटते. आजी म्हणाली, मला नाही जमणार आता, माझ्या वतीनं तू बांध."

"आजीला आणायला पाहिजे होतं तुमच्या," कप्तान सिस्टरकडे बघून म्हणाला. "सुकाणूच दिलं असतं हातात."

त्या दिवशी तिनं जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. नवऱ्याला वाटलं, बोट लागली. तो लिंबू कापून घेऊन आला.

"आईंना घरी ठेवायला नको होतं रे," तिनं सुरुवात केली.

"वेडी आहेस का? भर समुद्रात काही झालं असतं म्हणजे? तू वेळेवर बघितलंस म्हणून." त्यानं तिचा हात हातात घेतला. "माझ्या तर लक्षातही आलं नसतं."

पुढचं सांगायचं सोडून तिनं लिंबू चोखलं.

चौथ्या बेटाच्या धक्क्यावर फोन लागत होता. बिट्टीनं आजीला गाठीचा वृत्तांत ऐकवला, मग फोन आईच्या हातात कोंबला.

"कसं वाटतंय, आई?"

"बरी आहे गं. मीठ बंद केलंय. जिना उतरत नाही, शेजारीण आणून देते काय लागेल ते." मग आवाज हळू करून त्यांनी विचारलं, "शिडात वारा भरला की अजून तसाच आवाज होतो का गं? फडफड थांबून एकदम गप्प?"

"होतो, आई," सिस्टर म्हणाली. चार दिवसांत तिनं तो ऐकला नव्हता.

घरी पोचल्यावर नवरा आणि बिट्टी शेजारणीला शंख द्यायला गेले. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. आठ दिवसांत चेहरा उतरला होता. पुढ्यातल्या बशीत उकडलेले अळणी बटाटे अर्धेमुर्धे खाल्लेले. त्यांनी आपणहून बाही वर सारली.

"बघ बाई एकदा. पथ्य मोडलं नाही मी."

सिस्टरनं पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानांत घातला आणि फुगा दाबला.

"किती?"

"एकशे चोवीस."

"उतरलं म्हणजे." सासूबाईंना हसू फुटलं. "अळणी खाल्ल्याचं चीज झालं."

इथं गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं.

"उतरलं नाही, आई. तेव्हाही एवढंच होतं. मी खोटं सांगितलं. मला... मला आठ दिवस कुणी नको होतं."

सासूबाईंनी दंडावरचा पट्टा सोडला.

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"नाही."

"मला रोज धडधडायचं," त्या हळूच म्हणाल्या. "निजताना मी दाराची कडी काढून ठेवायची. उगाच कुणाला दार फोडायला लागू नये."

सिस्टरला रडू आवरेना. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही.

"येऊ नका म्हणाली असतीस तर थांबले असते मी. रुसले असते दोन दिवस. पण भ्यायले नसते गं."

"मी बिट्टीच्या बाबांना सांगते."

"ते तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी चष्मा शोधला. तो त्यांच्या मांडीवरच होता. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी यंत्र पुढ्यात ओढलं.

"हा काटा कसा वाचायचा ते मला शिकव."

सिस्टरनं डोळे पुसले. पट्टा पुन्हा बांधला आणि स्टेथोस्कोप आपल्या गळ्यातून काढून त्यांच्या कानांत घातला. फुगा सासूबाईंनी स्वतः दाबला. काटा वर गेला, मग थरथरत खाली यायला लागला.

"पहिला ठोका ऐकू येईल तो आकडा..."

सासूबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. काट्यावरची नजर न हलवता त्या ऐकत होत्या.