बिननावाचे जाकीट

मी शिलाईची एक जुनी हातमशीन आहे, आणि अलीकडे मला झोप फार लागते. मित्रांनो, ही झोप म्हाताऱ्या माणसाच्या डुलकीसारखी असते. डोळे मिटलेले, पण कान जागे. मुंबईतल्या चारकोपच्या एका सेक्टरमध्ये, इमारतीच्या तळमजल्यावर, दूधकेंद्राला लागून काशीरामचे छोटेसे दुकान आहे. त्याच्या कोपऱ्यात मी बसून असते. दुपारी रस्ता शांत झाला की मला वाटते, मी अजून बर्फातच आहे.

हो, बर्फात. माझा जन्म एका कारखान्यात झाला, पण तिथले मला फारसे आठवत नाही. तेलाचा वास आठवतो, आणि माझ्या काळ्या अंगावर सोनेरी वेल काढणारा एक बारीक कुंचला आठवतो. मग मला पेटीत बंद केले. ती पेटी उघडली थेट फौजेच्या छावणीत. समोर कोकणातून आलेला, विशीतला, काटकुळा काशीराम उभा होता. त्याने माझे चाक हाताने एकदा फिरवून पाहिले आणि तो हसला. तो पलटणीचा दर्जी होता.

फौजेत बंदूक चालवणारे असतात, तसे स्वयंपाकी, न्हावी, धोबी आणि दर्जीही असतात. जवान काशीरामला 'सुईबहाद्दर' म्हणून चिडवत, पण कोटाचे बटण तुटले की त्याच्याच तंबूत येत. आम्ही दोघे वाळवंटात राहिलो, जंगलात राहिलो, आणि तीन हिवाळे इतक्या उंचावर राहिलो की माझ्या अंगातले तेल गोठून मेणासारखे व्हायचे. तेव्हा काशीराम मला उचलून शेगडीजवळ ठेवी. आधी मला ऊब, मग स्वतःच्या बोटांना.

त्या डोंगरावर त्याला एक सवय लागली. पहिल्याच हिवाळ्यात एका मृत जवानाला वरून खाली आणले, आणि तो कोण हे कळायला दोन दिवस लागले. दोन दिवस त्या माणसाला नाव नव्हते. त्यानंतर काशीरामच्या हातून एकही कपडा नावावाचून बाहेर गेला नाही. कॉलरच्या आत तो कापडाची पट्टी लावी. पट्टीवर दोऱ्याने काढलेले नाव, रक्तगट आणि घरी कोणाला कळवायचे ते. काशीराम शाळेत गेलेला नव्हता. अक्षरे त्याला आधी सुईने आली, पेनाने फार नंतर. ती पट्टी बसवण्याचे काम माझे. माझ्या सुईखालून किती गावे गेली म्हणून सांगू! किती आया गेल्या, किती वडील.

काशीराम निवृत्त झाला तेव्हा पलटणीने जुन्या मशीन मोडीत काढल्या. त्याने मला सोडले नाही. मांडीवर घेऊन, दोन दिवसांचा प्रवास करून त्याने मला चारकोपला आणले. इथे मी शाळेचे गणवेश शिवले, पडदे शिवले. सुभेदार देवव्रत याच पलटणीतले. त्यांच्या मुलाच्या, नितेशच्या, बारशाचे झबले मी शिवले. लोक म्हणायचे, "मास्टर, तुमच्या मशीनचा टाका म्हणजे टाका!" मग एक दिवस विजेवर चालणारी मशीन आली. ती मिनिटात पँट उरकायची. माझ्यावर जुनी चादर पडली आणि चादरीवर कोरफडीची कुंडी. मी झोपू लागले.

दुपारी चारला दुकानासमोरच्या बाकावर निवृत्त फौजी जमत. हवालदार चंद्रप्रकाश सगळ्यांत आधी येई आणि सगळ्यांत जास्त बोले. गेल्या वर्षापासून त्यांच्या बोलण्यात एकच नाव सारखे येत होते. मधुवंती. ही बाई युद्धाच्या बातम्या द्यायची. तिच्यामागे ना वर्तमानपत्र, ना वाहिनी. एकटीच जायची आणि जे दिसेल ते फोनवर लोकांना दाखवायची. कोणी तिला धाडसी म्हणे, कोणी आगलावी.

फौजींचा राग ऐकीव नव्हता. सुभेदारांचा नितेशही फौजेत गेला होता. गेल्या वर्षी सीमेवर तो धारातीर्थी पडला. मधुवंती तिथे होती. तिने स्ट्रेचरवरच्या त्याच्या चेहऱ्याचा फोटो जगाला दाखवला, आणि फौजेचा माणूस चारकोपला पोचण्याआधी तो फोटो पोचला. नितेशच्या आईने, शेवंतीवहिनींनी, तो आपल्या फोनवर पाहिला. माजी सैनिकांनी मधुवंतीला पत्र लिहिले. तिने व्हिडिओतून उत्तर दिले की सत्य कोणासाठी थांबत नसते. मग एका रविवारी बाकावर सगळ्यांनी ठरवले, हिच्याशी बोलायचे नाही, हिचे काही काम करायचे नाही. काशीरामने सुभेदारांच्या हातावर हात ठेवून तसा शब्द दिला.

"आणि तू तिचे व्हिडिओ कित्याक बघतंस रे?" काशीरामने एकदा चंद्रप्रकाशला विचारले होते.

"शिव्या द्यायला तरी बघावं लागतं ना, मास्टर!"

आणि मग एका दुपारी ती स्वतःच दुकानात आली. पाठीवर पिशवी, केस कसेतरी बांधलेले. तिने काउंटरवर एक जड निळे जाकीट ठेवले. गोळी अडवणारे. छातीवर 'प्रेस' लिहिलेले, खांद्याचा पट्टा मुळातून फाटलेला.

"काका, एवढं शिवून द्याल? बॅगवाल्यांनी नाही म्हटलं, चपलावाल्यानं नाही म्हटलं. कोणीतरी म्हणालं, चारकोपचे मास्टर जाड काम करतात. मला परवा निघायचंय."

बाकावरून चंद्रप्रकाश उठलाच. "मास्टर, ही तीच! अगं बाई, तुला दुसरं दुकान नाही मिळालं? अख्ख्या मुंबईत इथेच टपकलीस?"

तिने भिंतीवरचा पलटणीचा फोटो पाहिला आणि तिला कळले. पण ती मागे फिरली नाही. "काम नसेल करायचं तर सांगा. मी जाते."

"परवा खंय जातंस?" काशीरामने विचारले.

तिने एका दूरच्या देशाचे नाव सांगितले. तिथे लढाई पेटली होती.

"आणि जाकीट नवीन कोण देणार नाय?"

"मला देणारं कोण आहे? हे पण दुसऱ्याचं वापरलेलं घेतलंय. पट्टा सुटला की आतली लोखंडी पाटी घसरते. छाती उघडी पडते."

"तिथे पण असेच फोटो काढणार?" चंद्रप्रकाश म्हणाला. "घरच्यांच्या आधी?"

"नाव जाहीर झालंय असं मला तिथे सांगितलं होतं," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"तिथल्याच एकानं."

"मग घरी कळलंय का, हे विचारलंस?"

ती हळू म्हणाली, "मी तिथे गेले नसते तर ती पोरं कशी लढली हे कोणाला कळलं असतं का? ते पण सांगा ना."

चंद्रप्रकाश परत बाकावर बसला. मी चादरीखाली जागी झाले होते. मला काशीरामचा श्वास ऐकू येत होता. मित्रांनो, त्या श्वासात काय होते ते मला ठाऊक होते. शिवले तर सुभेदारांसारखा चाळीस वर्षांचा दोस्त तुटणार. नाही शिवले तर ही पोर उघड्या छातीने जाणार.

त्याने काही ठरवले नाही. फक्त जाकीट हातात घेतले, आणि हाताने आपल्या सवयीने कॉलर उलटली. कॉलरच्या आत काहीच नव्हते.

"नाव खंय?" काशीराम म्हणाला.

"म्हणजे?"

"तुझा नाव! उद्या काय झालां तर ह्या जाकिटातला माणूस कोण, ता कोणी सांगायचा?" त्याचा आवाज चढला होता. इतका चढलेला मी डोंगरावरही ऐकला नव्हता. "चंद्रप्रकाश, ती कुंडी उचल."

"मास्टर, तुम्ही शब्द दिलाय."

"पट्टीच लावतंय. पट्टीचा शब्द नव्हता दिलेला. उचल!"

चादर निघाली. उजेड आला. काशीरामने माझ्या सांध्यांत तेल सोडले आणि ते माझ्या अंगात उन्हासारखे पसरले. विजेच्या मशीनच्या सुईला तो जाड पट्टा पेलला नसता, तिथे हळू हाताने एकेक टाकाच घालावा लागतो. पण आधी पट्टी. काशीरामने पांढरे कापड कापले आणि खडू घेतला.

"नाव माहीत आसा. रक्तगट?"

"ओ पॉझिटिव्ह."

"घरी कोण?"

"आई. मुलुंडला असते. जानकी नाव तिचं. तिचा नंबर देऊ?"

तिने नंबर सांगायला सुरुवात केली. काशीरामचा खडू दोन आकड्यांवर थांबला. "ह्यो फोन आईच्या हातातच असता ना?"

"हो."

"म्हणजे तुझ्या आवशीक फोनवरच कळतला."

ती बघतच राहिली.

"तसा नाय चालत गो बाय. कोणीतरी चालत जावक होया. कोण जाईल? त्याचा नंबर सांग."

एरवी तिला फोनवर लाखो लोक बघत. ती आठवत राहिली. बोटाने काउंटरवरच्या खडूच्या रेषा पुसत राहिली. दूधकेंद्राचे शटर वर गेल्याचा आवाज आला.

"असं कोणी नाहीये, काका," ती म्हणाली.

"माझा लिही."

सगळे वळले. दाराशी सुभेदार देवव्रत उभे होते. ते कधी आले कोणालाच कळले नव्हते. त्यांना ओळखून मधुवंती ताठ उभी राहिली. "सुभेदारसाहेब, मी..."

"तुम्ही नका बोलू." त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. "काशीराम, पट्टीवर माझा नंबर घाल."

"साहेब, हिच्यासाठी?" चंद्रप्रकाश रडवेला झाला होता.

"हिच्यासाठी नाही. हिच्या आईसाठी." सुभेदार बाकावर बसले. "शेवंती कणीक मळत होती. एका हाताला पीठ. दुसऱ्या हातानं तिनं फोन बघितला. त्या पिठाचं काय करायचं हे तिला कळेना. मी आंघोळ करून बाहेर आलो तरी ती तशीच उभी." ते थोडे थांबले. "मी मुलुंडला जाईन. बूट बाहेर काढीन. आधी पाणी मागेन. पाणी प्यायचं, भांडं खाली ठेवायचं, आणि मग सांगायचं. मी अकरा घरी सांगितलंय. माझ्या घरी सांगायला तेवढं कोणी आलं नाही."

मधुवंतीच्या डोळ्यांत पाणी नव्हते. तिचा चेहरा मात्र एकदम लहान मुलीसारखा झाला. "वहिनींना भेटू का?"

"आज नको."

"तो फोटो मी काढून टाकते."

"ते तुमचं तुम्ही बघा. पुढच्या वेळी थांबा, एवढंच."

"किती वेळ थांबू?"

"कोणीतरी चालत पोचेपर्यंत."

काशीराम पट्टीवर दोऱ्याने अक्षरे काढत होता. त्याने ती माझ्या सुईखाली सरकवली आणि चाक फिरवले. मित्रांनो, त्या दुपारी मला पुन्हा बर्फ दिसला. शांत, निळसर, संपता न संपणारा. तिचे नाव गेले, रक्तगट गेला, आणि सुभेदारांचे दहा आकडे एकेक करून माझ्या सुईखालून गेले. मग खांद्याचा पट्टा; सुभेदारांनी अडवले नाही. त्याला मी तीन वेळा टाका घातला. काशीरामने दोनदाच सांगितले होते. तिसऱ्या वेळी चाक त्याच्या हाताने फिरले की माझे मीच फिरवले, ते मला नक्की सांगता येत नाही.

ती गेली त्याला आज बारा दिवस झाले. सुभेदारांनी तिला माफ केलेले नाही. चंद्रप्रकाश तर अजून शिव्या देतो, मात्र व्हिडिओ आला की सगळ्यांत आधी ओरडून सांगतो, "आली बघ, धडधाकट आहे!" माझ्यावर आता चादर नाही. मी जाड कापडाची कामे करते आणि मधल्या वेळी डुलकी घेते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी मशीन असेल तर तिच्यावर कुंडी ठेवू नका. महिन्यातून एकदा तेलाचे दोन थेंब द्या. आणि आणखी एक सांगते. तुम्हा सगळ्यांच्या हातात आता फोन आहेत. कोणाच्या घरची वाईट बातमी तुमच्या हाती आधी आली, तर ती पुढे पाठवू नका. ती तुमची नाही. ज्यांची आहे त्यांच्या दारापर्यंत कोणाला तरी चालत जाऊ द्या.

आत्ता चार वाजले आहेत. सुभेदार बाकावर बसले आहेत आणि पट्टीवरच्या नंबरचा आपला फोन त्यांनी माझ्या पाटावर ठेवला आहे, हाताशी. तो गप्प आहे. एकेक दिवस असा गप्प गेला की काशीराम जरा जास्त गोड चहा मागवतो.